आठ पाटांचं शहर

श्रोतेहो, नमस्कार.

आम्ही चौघी इंजिनिअरिंगला एकाच होस्टेलात होतो. आज चौघीही जर्मनीत आहोत, पण तीन वेगवेगळ्या शहरांत, त्यामुळे भेट वर्षातून एकदाच. मे महिन्यात ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी गुरुवारी येते. शुक्रवारी रजा टाकली की सलग चार दिवस हाताशी लागतात. जर्मनीत हे सगळेच करतात, यंदा आम्हीही केलं. बुधवारी रात्री स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला उतरलो आणि रविवारी संध्याकाळी परतलो.

समुद्र हवा, ऊन हवं आणि चालत फिरता येईल असं शहर हवं, एवढीच मैत्रिणींची अट होती. मला मात्र गुरुवारी तिथे असायचंच होतं. त्याचं कारण सांगते.

मी साक्री तालुक्यातली, पांझरेकाठची. आमच्याकडे नदीवर दगडी बंधारे आहेत, त्यांतून पाट निघतात आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले असतात. कोणत्या फडाला पाणी कधी मिळेल, हे गावानेच ठरवायचं आणि पाळी सांभाळायची पाटकऱ्याने. माझे आजोबा पाटकरी होते. रात्री दोनला कंदील घेऊन बांधावर जाणारे आजोबा मी पाहिले आहेत. व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बाराला पाण्याचं न्यायालय भरतं, हे वाचलं तेव्हापासून ते डोक्यातून जात नव्हतं.

कॅथेड्रलच्या 'प्रेषितांच्या दारा'समोर लोखंडी कठड्यात लाकडी खुर्च्या मांडतात. बाराचे टोल पडले की काळे झगे घातलेले आठ शेतकरी येऊन बसतात. तुरिया नदीच्या आठ मुख्य पाटांचे हे निवडून दिलेले प्रतिनिधी. शिपाई एकेका पाटाचं नाव घेऊन पुकारा करतो, कोणाविरुद्ध तक्रार असेल तर पुढे या म्हणतो. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी. भाषाही माद्रिदची स्पॅनिश नाही, इथली व्हॅलेन्सियन. आमच्याकडे अहिराणीत निवाडा व्हावा, तसं. ज्याच्या पाटाचं भांडण असेल तो प्रतिनिधी त्या निर्णयात भाग घेत नाही. ही परंपरा हजार वर्षांची, अरबांच्या राज्यापासूनची मानतात. 2009 साली युनेस्कोने तिला मानवी वारशाच्या यादीत घेतलं.

त्या दिवशी एकही तक्रार नव्हती. आठही नावं पुकारली, कोणी पुढे आलं नाही, पाच-सात मिनिटांत सगळे उठले. मैत्रिणी म्हणाल्या, "संपलं?" मला मात्र गलबलून आलं होतं. त्याच चौकात एक कारंजं आहे. मधे तुरिया नदी पुरुषरूपात पहुडलेली, भोवती घागरी घेतलेल्या आठ मुली. त्या आठ मुली म्हणजेच हे आठ पाट.

पाटाला स्पॅनिशमध्ये 'असेकिया' म्हणतात, शब्द अरबी. तांदळाला 'आरोस', केशराला 'असाफ्रान', हेही अरबीतूनच आलेले. संत्र्याला 'नारांखा'. तो शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मागे मागे आपल्या 'नारंग'पर्यंत येतो. शहरातल्या रस्त्यांवर नारिंगांचीच झाडं आहेत, फळं मात्र कडू, खायची नव्हेत.

शुक्रवारी सकाळी मध्यवर्ती बाजारात गेलो. 1928 साली उघडलेली ही काच, लोखंड आणि रंगीत फरशांची मंडई रविवारी बंद असते, म्हणून शनिवार-रविवारच जाणाऱ्यांनी ती शनिवारी सकाळीच गाठावी. तिथे आम्ही ओर्चाता प्यायलो. 'चुफा' नावाचे हरभऱ्याएवढे कंद भिजवून, वाटून, गाळून केलेलं हे गार, गोडसर पेय. दिसायला दुधासारखं, पण त्यात दुधाचा थेंबही नसतो. सोबत बुडवून खायला लांबट गोड पाव. चुफा हा आपल्या लव्हाळ्याच्याच कुळातला. आमच्या शेतात लव्हाळा खणून खणून आईचे हात दुखायचे, इथे त्याच्या भावकीची राखून लागवड करतात.

जेवायला बसने आल्बुफेरा तळ्याकाठच्या गावी गेलो. चहूकडे भातखाचरं. पाएया म्हणजे मुळात तो पसरट तवा, त्यावरून पदार्थाचं नाव. व्हॅलेन्सियाच्या पाएयात मासे नसतात, कोंबडी, ससा, शेंगा आणि केशर असतं. ती दुपारी खायची, रात्री नाही. आमच्यातली एक शाकाहारी. तिच्यासाठी भाज्यांचा भात आला, पण वाढणाऱ्या बाईंनी त्याला पाएया म्हणू दिलं नाही, नुसतं 'आरोस' म्हणायला लावलं. मला त्यांचा हा कडवेपणा आवडला. आपणही पुरणपोळीत मूगडाळ घातली तर ऐकून घेऊ का? तव्याच्या तळाशी धरलेल्या खरवडीला 'सोकारात' म्हणतात. चौघींनी चमच्यांनी तवा खरवडला. होस्टेलच्या मेसमध्येही आम्ही हेच करायचो.

आता नदीबद्दल. तुरिया शहरातून वाहत नाही. 14 ऑक्टोबर 1957 ला महापूर आला, 80 हून अधिक माणसं गेली. मग सरकारने शहराच्या दक्षिणेला नवं पात्र खोदून नदीच वळवली. जुन्या कोरड्या पात्रात महामार्ग करायचा बेत होता. लोक उठले, म्हणाले, हे पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवंय. ते लोक जिंकले. 1986 पासून तिथे बाग आहे, जवळजवळ नऊ किलोमीटर लांब. जुने दगडी पूल डोक्यावर तसेच उभे, खाली मुलं फुटबॉल खेळतात, म्हातारी माणसं पाइनच्या सावलीत बसतात. समुद्राकडच्या टोकाला वास्तुरचनाकार कालात्राव्हाची पांढरी, सांगाड्यासारखी विज्ञाननगरी आहे. फोटो सगळे तिथले काढतात. आमचे तास मात्र पुलांखाली गेले. कोण कधी रडली, कोणी कोणाचं सबमिशन लिहिलं, सगळं पुन्हा बोलून झालं.

या नदीची एक गोष्ट सांगायलाच हवी. 29 ऑक्टोबर 2024 ला पुन्हा भयंकर पाऊस झाला. नवं पात्र दुथडी भरलं, पण मुख्य शहर वाचलं. त्या पात्राच्या पलीकडची दक्षिणेकडची गावं मात्र चिखलात बुडाली. 200 हून अधिक माणसं मेली. आल्बुफेराला जाताना बस याच बाजूने जाते. खिडकीतून बाहेर पाहत आम्ही चौघीही गप्प होतो.

रविवारी विमानतळावरून वडिलांना साक्रीला फोन लावला. न्यायालयाचं सगळं सांगितलं, काळे झगे, पुकारा, आठ पाटांची नावं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "पाटाच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी पोचतं का गं माय तिथे?"

मी म्हटलं, "तक्रार तर कोणाचीच नव्हती, दादा."

"मग त्यांचा पाटकरी चांगला असेल," म्हणाले, आणि आमच्या बंधाऱ्यातला गाळ यंदा कोणी काढायचा, ते सांगू लागले.