तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी

ऐका. सायलेन्सरच्या आवाजाची लय मध्येच तुटतेय. तीन ठोके नीट, चौथा गायब. कालपर्यंत मुकाट ओझं वाहणारी ही जुनी पेट्रोल पिकअप आज चढावर झटके द्यायला लागली. गॅरेजच्या भाषेत, गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये.

यातला 'आज' महत्त्वाचा. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह सहसा हळूहळू झिजतात आणि गाडी आधीपासून कुरकुरत असते. एका रात्रीत दगा देते ती बहुतेकदा इग्निशनची लाइन, म्हणजे ठिणगी पुरवणारी यंत्रणा. म्हणून दिसेल तो पार्ट बदलत सुटायचं नाही. आधी काम सोडलेला सिलिंडर शोधायचा.

इंजिन आयडलवर चालू. इन्सुलेशनवाल्या पकडीनं एकेका प्लगची, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या पार्टची, वायर काढायची आणि तिचं टोक लगेच इंजिनच्या धातूला टेकवायचं. तारेत हजारो व्होल्ट आहेत, उघडा हात अजिबात लावू नका. पहिली काढली, इंजिन अडखळलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली… काहीच फरक नाही. काम सोडलेला तो हाच.

तिसऱ्याचा प्लग बाहेर आला. चांगल्या प्लगचं टोक फिकट तपकिरी असतं. हा ओला आहे, पेट्रोलचा वास मारतोय. म्हणजे पेट्रोल पोहोचतंय, पण जळत नाहीये. प्लग आणि वायर शेजारच्याशी बदलून पाहिले, तरी बिघाड तिसऱ्यातच.

आता डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या पार्टची, कॅप. उलटी करून उजेडात तिरकी धरा. दिसली? तिसऱ्या वायरच्या टर्मिनलपासून कॅपच्या धातूला टेकणाऱ्या कडेपर्यंत केसाएवढी काळी रेघ, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. फडक्यानं पुसली जात नाही. कॅपला बारीक तडा गेला, त्यात कार्बन बसला आणि विजेला आडवाट मिळाली. पेट्रोल-हवेच्या दाबलेल्या मिश्रणात ठिणगी उडायला जोर लागतो. या रेघेवरून धातूकडे पळायला तेवढा लागत नाही. वीज सोपी वाट धरते. 3000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्यांना, प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला 25 ठिणग्या लागतात. तिसऱ्याच्या अशा वाटेतच पळतात.

रेघ नसती, ठिणगीही जोरदार असती, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावं लागलं असतं. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवले, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडरांच्या माथ्यावरच्या सीलवर.

नवी कॅप, तिच्या आत फिरून वीज वाटणारा नवा रोटर. वायरी मात्र एकेक करूनच हलवायच्या, फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम चुकायला नको. इंजिन सुरू. पुन्हा तिसरी वायर काढली. या वेळी इंजिन अडखळलं.