किनाऱ्याकडे निघालेले वादळ आणि गावाकडचा फोन

श्रोतेहो, नमस्कार.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोच्या आखातात 'मिल्टन' नावाचे चक्रीवादळ तयार झाले. तापलेल्या समुद्रावर एका दिवसातच त्याचा जोर असा वाढला, की केंद्रातील हवेचा दाब ९०० मिलिबारच्याही खाली उतरला आणि वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २८५ किलोमीटरवर पोहोचला. त्याच्या वाटेवर फ्लोरिडातील टॅम्पा उपसागराचा काठ होता. तिथे ३० लाखांहून अधिक माणसे राहतात, आणि जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी येऊन गेलेल्या 'हेलेन' वादळात भिजलेले सामान अजून रस्त्याकडेलाच पडून होते. अशा वेळी दूरवरची माणसे पडद्यावर त्या वादळाचा फिरता डोळा पाहत बसतात. मला मनापासून वाटते, की आपली नजर तिथे नको, पाण्यावर हवी.

हवामान खात्याच्या नकाशावर पुढे रुंद होत जाणारा जो पट्टा दिसतो, तो वादळाचा आकार नसतो. वादळाचे केंद्र कुठून कुठपर्यंत सरकू शकेल, एवढेच तो सांगतो. पट्ट्याबाहेरचे गाव त्यामुळे सुरक्षित ठरत नाही. ९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन टॅम्पाच्या दक्षिणेला, सिएस्टा की या बेटावर धडकले. उत्तर गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून त्याच्या वाटेच्या उजवीकडे ते समुद्राला जमिनीवर ढकलतात आणि डावीकडे मागे ओढतात. टॅम्पाच्या उपसागरातले पाणी त्या रात्री ओसरले, तर दक्षिणेकडच्या वस्त्यांत समुद्र घुसला. थोड्या अंतराने कुणाच्या दारात काय येईल, हे असे बदलते, आणि ते आधी कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

हे आपल्याला, समुद्रापासून लांब राहणाऱ्या खानदेशी माणसांना, का माहीत असावे? कारण आपली तापी जिथे समुद्राला मिळते, त्या सुरतेत उधना, लिंबायत यांसारख्या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारची हजारो कुटुंबे राहतात. खंभातचे आखात आत निमुळते होत जाते, तिथली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे, आणि वादळाने ढकललेले पाणी नेमके भरतीच्या वेळी आले तर ते त्या भरतीवर चढते. म्हणून वाऱ्याच्या वेगाचा आकडा ऐकला की त्याबरोबर भरतीची वेळही विचारावी.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात महाचक्रीवादळ आले, तेव्हा जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्र गावांवरून गेला. सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले आणि गावोगावी स्वयंसेवक तयार केले. मे २०१९ मध्ये 'फनी' पुरीजवळ धडकण्यापूर्वी सुमारे १२ लाख लोकांना हलवले, आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. उपग्रहाचे चित्र मोलाचे आहे, यात शंका नाही, पण ते चित्र पाहून कुणीतरी दार ठोठावावे लागते आणि आतल्या माणसाने ते उघडून निघावे लागते. इशारा मिळूनही वेळेत सुरक्षित जागी न जाण्याची किंमत मे २०२१ मध्ये 'तौक्ते'च्या वेळी दिसली. मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा तराफा (बार्ज) बुडाला आणि ७० हून अधिक कामगार गेले. त्यांच्या घरच्यांनाही बातम्यांतून वादळ दिसतच होते.

माणसे घर सोडायला का तयार होत नाहीत, याचे उत्तर बहुधा साधे असते: गुरे, कपाट, दुकान, चोरीची भीती, आणि 'मागच्या वेळी काही झाले नाही' हा अनुभव. इथे गावाकडच्या फोनला वजन आहे. सरकारी भोंग्याला न जुमानणारा धाकटा भाऊ, आईने अहिराणीत दोन शब्द बोलताच निघतो. म्हणून 'तिकडे कसं आहे' एवढेच विचारून थांबू नका. निवारा कोणत्या शाळेत आहे, आजीची औषधे आणि आधार कार्ड पिशवीत घेतले का, मोबाइल पुरता चार्ज आहे का, हे विचारा, आणि उजेड असेपर्यंत निघायला सांगा. कुठून तरी आलेले जुन्या वादळाचे व्हिडिओ त्यांना मुळीच पाठवू नका. वीज गेल्यावर त्यांच्याकडे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर असेल, तर तो लावून ठेवायला सांगा.

आणि आपण स्वतः? हेलेनचे सर्वाधिक बळी समुद्रकाठच्या फ्लोरिडात गेले नाहीत. ते किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, उत्तर कॅरोलायना राज्यात गेले, कारण तिथल्या डोंगरांवर कोसळलेला पाऊस एकाच वेळी ओढ्या-नद्यांतून खाली आला. जून २०२० मध्ये 'निसर्ग' वादळही अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून, जोर ओसरत असताना, उत्तर महाराष्ट्रावरून विदर्भाकडे सरकले होते. रावेर, यावल, चोपड्यातील घड लागलेल्या केळीला आडवे पाडायला महाचक्रीवादळच यावे लागते असे नाही. तेव्हा कोकणात किंवा सौराष्ट्रात वादळ जमिनीवर आल्याची बातमी ऐकाल, त्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यांतून गुरे वर काढा, नाल्याच्या पात्रात ट्रॅक्टर उभा करू नका, आणि रात्री फरशीपुलावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे जाण्याचा प्रयत्न करू नका.