हाताला वळण लागतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

आखाजीला आपल्या खान्देशात माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात आणि आमरसासोबत खापरावरचे मांडे होतात. माझी मावशी मांडे करायला बसली की आम्ही पोरी चुलीपाशी गोळा व्हायचो. पुरण भरलेला उंडा ती आधी पोळपाटावर लाटायची, मग उचलून हातांवर घ्यायची. या हातावरून त्या हातावर झुलवता झुलवता मांडा पार कोपरापर्यंत पसरायचा, इतका पातळ की पलीकडचा जाळ दिसावा. मग अलगद उपड्या खापरावर. मी पहिल्या दिवशी सात मांडे फाडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच मांडा धड उतरला. मधे मी काहीच केलं नव्हतं, फक्त झोपले होते. मावशी म्हणाली, "हात शिकस, बेटा."

त्या मधल्या रात्रीत मेंदू काम करत होता. हाताच्या हालचाली मेंदूच्या वरच्या भागातली एक पट्टी चालवते, उजव्या हाताच्या डावीकडून आणि डाव्या हाताच्या उजवीकडून. सराव केला की तिथल्या पेशींचे आपसातले जोड बदलतात. पण हा बदल सराव थांबल्यावरही पक्का होत राहतो, झोपेतसुद्धा.

आता, कवटी न उघडता बाहेरून या पट्टीला मदत करता येईल का? याचे दोन मार्ग आहेत. पहिला चुंबकाचा. १९८५ साली इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरून क्षणभर जोरदार चुंबकीय क्षेत्र निर्माण केलं, आणि माणसाच्या मनात नसताना त्याचा हात हलला. दुसरा मार्ग मंद विजेचा. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधायचे आणि त्यांतून एक-दोन मिलिअँपियर प्रवाह सोडायचा. आपल्या साध्या मोबाइल चार्जरमधून एक अँपियर वाहतो, म्हणजे हा त्याचा हजारावा, फार तर पाचशेवा भाग. त्यातलाही बराचसा कातडीतूनच निघून जातो. या विजेनं हात हलत नाही, पेशी फक्त थोड्या जास्त तयारीत राहतात. जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली दाखवलं, की प्रवाह बंद केल्यावरही ही तयारी काही मिनिटं टिकते.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २००९ सालचा एक प्रयोग. निरोगी माणसांना पाच दिवस चिमटीचा दाब कमी-जास्त करण्याचं एक अवघड काम शिकवलं. काहींना सराव करताना खरा प्रवाह दिला, काहींना नुसता भास. प्रवाह मिळालेल्यांचा हात जास्त सुधारला आणि तीन महिन्यांनीही ते पुढेच होते. गंमत अशी, की हा फरक सराव चालू असताना पडला नव्हता. तो पडला दोन दिवसांच्या मधल्या वेळात. हे वाचलं तेव्हा मला मावशीचं चुलीपुढचं वाक्य आठवलं.

मी लकव्याच्या रुग्णांचे व्यायाम घेते, म्हणून हे सांगायला बसले. आता घरोघरी मला विचारतात, "ताई, ते डोक्याला करंट द्यायचं मशीन मागवू का?" कृपा करून मागवू नका. एका मुलानं बॅटरी आणि वायरी जोडून घरीच ते केलं. स्पंज वाळला होता. आईच्या कपाळावर भाजल्याचा डाग मी स्वतः पाहिला आहे. त्या मुलाची तळमळ खरी होती, म्हणूनच जीव तुटतो. निरोगी माणसांवरचे निकालसुद्धा सगळीकडे सारखे आलेले नाहीत. लकव्यात तर कुणाला थोडा फायदा दिसतो, कुणाला काहीच नाही. ज्यांना फिट येते, ज्यांच्या डोक्यात धातूचा तुकडा किंवा छातीत पेसमेकर आहे, त्यांनी तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय यातल्या कशाच्याही जवळ जाऊ नये.

माझ्या त्याच मावशीला पुढे उजव्या अंगावर लकवा गेला. "हाऊ हात मना नही," असं म्हणून ती तो हात पदराखाली झाकायची. आम्ही रोज सकाळी तिच्यासमोर परातीत कणकेचा गोळा ठेवायला लागलो. आधी नुसता तळवा टेकवायचा. मग दाबायचा. मग चिमटी घ्यायची, एकेका बोटानं. सुरुवातीला ती रडायची. दीड महिन्यानं कणकेवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला. तिनं तो मला दोनदा दाखवला. मांडा काही तिच्या हातून पुन्हा झाला नाही, पण पुरणाचा उंडा ती आजही स्वतः भरते.

कुणी डॉक्टर तुमच्या माणसाला अशी वीज देण्याचा उपचार सुचवत असतील, तर जरूर ऐकून घ्या. फक्त एक प्रश्न नक्की विचारा : करंट चालू असताना आणि नंतर, हाताचा सराव रोज किती वेळ घेणार?

नमस्कार.