सोसायटीतलं चार्जिंग: आधी मीटर रूममध्ये जाऊया

मंडळी, इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय निघाला की लोक पहिल्यांदा विचारतात, ‘एवढी वीज आणायची कुठून?’ पुण्या-ठाण्यातल्या सोसायट्यांपुरतं बोलायचं, तर अडचण बरीच जवळ आहे. ती आवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर आहे, मीटर रूममध्ये येणाऱ्या केबलवर आहे आणि संध्याकाळच्या सात ते दहा या वेळेत आहे.

हिशेब करून बघू. सोसायटीत 40 इलेक्ट्रिक कार आहेत असं धरा. भिंतीवर बसवतात तो चार्जर बहुधा 7.4 किलोवॅटचा असतो. ऑफिसातून आल्या आल्या सगळ्यांनी गाड्या लावल्या, तर 296 किलोवॅट झाले. त्याच वेळी लिफ्ट, एसी, पाण्याचा पंप चालू. जुन्या सोसायटीत ट्रान्सफॉर्मर बसवताना हा भार कुणी धरलेलाच नसतो. पण शहरात दिवसाला 40 किलोमीटर फिरणाऱ्या कारला सहा-सात युनिट पुरतात (एक युनिट म्हणजे एक किलोवॅटचा भार तासभर). सहा धरले, तरी 40 गाड्यांचे 240 युनिट. तेच रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत वाटून दिले, तर सरासरी भार येतो फक्त 30 किलोवॅट! गाड्या त्याच, वीज तितकीच. म्हणून माझा आग्रह आहे, नवीन ट्रान्सफॉर्मरसाठी वर्गणी काढण्याआधी एकूण भारावर मर्यादा ठेवणारे, आपापसात वीज वाटून घेणारे चार्जर बघा. आणि गाड्या तिन्ही फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तिन्ही तारांवर, सारख्या वाटा. एकाच फेजवर सगळा भार टाकला, की न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तापतो.

पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटबद्दल मला विशेष काळजी वाटते. गीझर वीस मिनिटांत बंद होतो. कार मात्र त्याच सॉकेटमधून चौदा-एक अँपिअर सलग सात-आठ तास ओढते. पिन सैल असेल तर प्लग तपकिरी पडतो, वास येतो, मग प्लास्टिक वितळतं. पार्किंगमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी चार्ज करणं आजच बंद करा. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग, यात काटकसर नको.

कमिटीच्या मंडळींना एक कळकळीची विनंती. आगीच्या भीतीनं सरसकट नकार देऊ नका. नकार मिळालेला माणूस गाडी विकत नाही, तो खिडकीतून वायर सोडतो, आणि धोका तिथेच वाढतो. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत 2024 साली झालेल्या दुरुस्तीनंतर चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागता येते. त्यासाठी परवानगी द्या, पण केबलचा मार्ग कमिटीनं ठरवा, काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच होऊ द्या.

शेवटी दुपारबद्दल. सौर वीज वाढल्यामुळे राज्यात दिवसा वीज मुबलक असते आणि सूर्य मावळला की ताण येतो. ज्यांची गाडी दिवसभर ऑफिसात उभी असते, त्यांनी तिथेच चार्जिंग पॉइंट मागावा. ज्यांना घरीच लावायची आहे, त्यांनी गाडीच्या अ‍ॅपमध्ये सुरू होण्याची वेळ रात्री अकराची टाकावी. हे आज रात्रीच करता येईल, एक रुपयाही लागत नाही.