आधी घण, मग लाओत्से

श्रोतेहो, नमस्कार. चिनी तत्त्वज्ञान आणि आजचं व्यवस्थापन, असा विषय मला दिलाय. मी सुरुवात फ्रीजपासून करतो.

१९८५ साल. चीनच्या किनाऱ्यावरचं छिंगदाओ शहर. तिथला फ्रीजचा कारखाना कर्जात बुडालेला. बेशिस्त एवढी, की झांग रुइमिन या नव्या संचालकांना 'कारखान्यात लघवी करू नये' असा नियम काढावा लागला! एक दिवस गिऱ्हाइकाची तक्रार आली. झांगनी गोदामातले चारशेच्या आसपास फ्रीज तपासून घेतले. ७६ सदोष निघाले. चारशेत शहात्तर! कामगार म्हणाले, चालतात ना, मग स्वस्तात आम्हालाच द्या. मागणी रास्तच होती, कारण एका फ्रीजची किंमत म्हणजे कामगाराचा जवळपास दोन वर्षांचा पगार. ('जरासा पोचा आहे, पाचशे कमी द्या' म्हणणारे आपले दुकानदार मला आठवतात. त्या पोच्याचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. असो.) झांगनी शहात्तरच्या शहात्तर फ्रीज मांडून ठेवले आणि ज्यांनी ते जोडले होते, त्यांच्याच हाती घण दिले. म्हणाले, फोडा! फोडताना माणसं रडत होती म्हणतात. तो घण आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कंपनीचं नाव हायर. आपल्या रांजणगावातही तिचा कारखाना आहे.

आता तत्त्वज्ञान. चिनी कंपनी म्हटलं की आपण लगेच कन्फ्यूशियस काढतो, वडीलधाऱ्यांचा मान वगैरे. मला तो घण हान फेईचा वाटतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हा विचारवंत. त्याचा भर नियम आणि शिक्षेवर, माणसाच्या चांगुलपणावर नाही. झांग स्वतः मात्र दाखला देतात लाओत्से या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाचा: उत्तम राजा तो, जो आहे एवढंच प्रजेला ठाऊक असतं. म्हणजे आधी घण, मग लाओत्से. हा क्रम महत्त्वाचा. २००५ पासून त्यांनी कंपनीचे तुकडे पाडायला घेतले. पुढे चारेक हजार छोटे गट झाले. गटाने आपला म्होरक्या निवडायचा, आपलं गिऱ्हाईक शोधायचं, त्यातूनच कमवायचं.

ऐकायला छान वाटतं. पण साहेब दिसेनासा करायचा, तर मधल्या साहेबांचं काय? ते दहा हजारांहून जास्त होते. त्यांना सांगितलं, गट काढा नाहीतर निघा. काहींनी गट काढले. बाकीचे गेले.

नमस्कार.