तिकिटाआधी व्हिसा बघा

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते रत्नागिरी, खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन या भागातल्या घरांशी. आखातात माणूस नाही असं गाव आपल्याकडे शोधावं लागेल. या महिन्यातही कुणाचा तरी मुलगा निघाला असेल. त्याच्या आईला, थोरल्या भावाला माझी विनंती आहे: तिकिटाआधी व्हिसा बघा. तो नोकरीचा आहे की भेटीचा, कुणाकडून तरी नीट वाचून घ्या.

एजंट म्हणतो, "आत्ता व्हिजिटवर पाठवतो, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ." हे ऐकलंत की पैसे देऊ नका. भेटीच्या व्हिसावर काम करणं तिथल्या कायद्यात बसत नाही. मग पगार बुडाला तर पोरगा तक्रार कुठल्या तोंडानं करणार? मुदत उलटली की अमिरातीत दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. ज्याला आपली माणसं 'आझाद व्हिसा' म्हणतात, त्यातही हाच धोका. कागदावर मालक एक, काम भलत्याकडेच. तपासणीत सापडला तर कागदावरचा मालक हात वर करून मोकळा.

मुलगा दहावी पास नसेल, तर त्याचा पासपोर्ट 'ईसीआर' असतो. म्हणजे सौदी, कुवेत, कतार, ओमान धरून १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची मंजुरी लागते. लोकांना ही अडवणूक वाटते. मला तसं वाटत नाही. या मंजुरीसाठी नोकरीचा करार दाखवावा लागतो, १० लाखांचा विमा काढावा लागतो. व्हिजिटवर पाठवणारा एजंट नेमकं हेच चुकवत असतो. एजंटचा परवाना खरा आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. पावती मागाच.

आता वकिलातीबद्दल. सौदीत आपली वकिलात रियाधला, कॉन्सुलेट जेद्दाला. अमिरातीत वकिलात अबुधाबीला, कॉन्सुलेट दुबईला. "आपल्यासारख्या गवंड्याला, ड्रायव्हरला तिथं कोण विचारतंय," असं समजून मुलं तिकडे फिरकतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. अडकलेल्या गरजू माणसाला तात्पुरता निवारा, वकील, परतीचं तिकीट देता यावं म्हणून २००९पासून वकिलातींकडे खास निधी आहे. पासपोर्ट हरवला, तर पोलिसांत नोंद करून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. त्यावर भारतात परत येता येतं, तेवढंच. मालकानं पासपोर्ट काढून घेतला असेल, तरीही वकिलातीत जावं. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाची नव्हे.

आणि अटक झाली तर? "माझ्या वकिलातीला कळवा," असं मागता येतं. १९६३च्या व्हिएन्ना करारानं दिलेला हा हक्क आहे. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात २०१९ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पाकिस्तानला दोषी धरलं, ते याच हक्कावरून. वकिलात कुणाला तुरुंगातून सोडवून आणू शकत नाही. पण तिचा माणूस भेटायला येतो, वकील मिळवून द्यायला मदत करतो.

निघायच्या आदल्या दिवशी पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांची झेरॉक्स काढून घरात ठेवा. तिच्या मागं त्या देशातल्या वकिलातीचा नंबर पेनानं लिहा. तिकडे मुलाचा मोबाइल काढून घेतला गेला, तरी इथून आईला वकिलातीत फोन लावता येईल.