उतरायची वेळ कोणाची?

[दृश्य: मुंबई, टर्मिनल 2, मध्यरात्र. लंडनच्या विमानासाठी लागलेली रांग]

रात्री दोनला सुटणारं विमान. लेकरं ट्रॉलीवरच झोपलेली. ही वेळ प्रवाशांच्या सोयीने ठरत नाही. मुंबईत दोन वाजतात तेव्हा हिवाळ्यात लंडनला आदल्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात. साडेनऊ तासांचं उड्डाण धरा, विमान सकाळी सहाला लंडनच्या हिथ्रो विमानतळावर टेकतं. त्याआधी का नाही? रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळात तिथे वर्षभरात उतरणारी आणि उडणारी मिळून जेमतेम 5,800 विमानांना मुभा आहे.

[दृश्य: हिथ्रो, पहाट. घरांच्या छपरांवरून एकामागून एक उतरणारी विमानं]

बघा, एकाचे दिवे विझायच्या आत दुसऱ्याचे दिसतात. धावपट्ट्या दोनच. दिवसा एक उतरण्यासाठी, दुसरी उड्डाणासाठी. टर्मिनल 5 ला परवानगी देतानाच उतरणारी आणि उडणारी मिळून वर्षाला 4,80,000 विमानांची मर्यादा घातली गेली, आणि ती आजही कायम आहे.

म्हणून स्लॉट. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी विमानतळ वापरायची परवानगी. वर्षात हंगाम दोन, उन्हाळी आणि हिवाळी. हंगामात 80 टक्के वेळा स्लॉट वापरला, तर पुढच्या वर्षी त्याच हंगामात तो पुन्हा त्याच कंपनीचा. 31 आठवड्यांच्या उन्हाळ्यात सोमवारचा स्लॉट किमान 25 वेळा उडवावा लागतो. सहा वेळा चुकला तर चालतं, सातव्यांदा गेला. 2007 मध्ये ब्रिटिश मेडिटरेनियन या विमान कंपनीने हिथ्रो ते कार्डिफ चक्क रिकामी विमानं उडवली, ती स्लॉट टिकवण्यासाठी. इंधन जाळून नियम पाळला गेला!

[दृश्य: उभ्या विमानांच्या शेपट्या, कंपन्यांची बोधचिन्हं]

हा हक्क पागडीच्या खोलीसारखा आहे. जुना भाडेकरू हलत नाही. हललाच, तर पैसे घेऊन. सुटलेल्या स्लॉटपैकी निम्म्यांवर नव्या कंपन्यांना प्राधान्य मिळतं, पण सकाळची वेळ त्यात क्वचितच असते. मग खरेदी. 2013 मध्ये मुंबईच्या जेट एअरवेजने हिथ्रोचे तीन जोड-स्लॉट (एक उतरण्याचा, एक उडण्याचा, अशी जोडी) अबू धाबीच्या एतिहाद कंपनीला 7 कोटी डॉलरला विकले आणि तेच भाड्याने घेऊन उडत राहिली. 2016 मध्ये ओमान एअरने सकाळच्या एकाच जोडीला सुमारे साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या आल्या. एवढी किंमत मोजणारी कंपनी त्या वेळेला छोट्या शहराचं छोटं विमान लावत नाही. मोठं विमान, भरपूर बिझनेस क्लास आणि भाडं परवडणारं शहर, असाच हिशेब होतो.

[दृश्य: गोवा, विमानातून दिसणारा किनारा]

2023 मध्ये एअर इंडियाने गोवा, कोची, अमृतसर आणि अहमदाबादची लंडनची उड्डाणं जाहीर केली, ती लंडनच्याच गॅटविक या दुसऱ्या विमानतळाला. हिथ्रोवर वाढवली ती मुंबई आणि दिल्लीची. थेट उड्डाण नसलेल्या शहरांतले अनेक प्रवासी दुबई, दोहामार्गे जातात.